बावखलातले पाहुणे

आमच्या बावखलात रबराचा एक गुलाबी फ्लेमिंगो तरंगत होता. मान ताठ, पोटात हवा, पाठीवर कुणाचा तरी ओला टॉवेल. काठावरच्या करंजाला मोठाले खिळे ठोकून पाटी लावलेली होती, ‘निसर्गाचा आदर करा’. खिळ्यांखाली खोडावर काळपट ओघळ आले होते. होळी तोंडावर आली होती, करंज फुलला होता आणि पूर्वीसारखाच पाण्यावर फुलं गाळत होता. पूर्वी ती पाण्यावर पसरायची, आता फ्लेमिंगोच्या पाठीवर पडत होती. मला तिथल्या तिथे त्या पक्ष्याला टाचणी लावावीशी वाटली.

ज्यांना बावखल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वसईच्या वाड्यांमध्ये खणलेलं हे गोड्या पाण्याचं तळं. विहिरीपेक्षा ऐसपैस, तलावापेक्षा लहान, एका बाजूला दगडी पायऱ्या आणि बाकी सगळीकडे उतरती माती. आमचं गाव उमेळ्याच्या पुढे, खाडीच्या अलीकडे. भरतीला खाडीचं पाणी भातशेतीच्या बांधापर्यंत येतं आणि जमिनीच्या पोटातही खारंच पाणी आहे. त्या खाऱ्याच्या वर, पावसाचं जेवढं गोडं पाणी टिकायचं ते या बावखलात. ते टिकावं म्हणून आमच्या घरात जेवढे नियम होते तेवढे देवघरासाठीही नव्हते.

बावखलात उतरून अंघोळ करायची नाही. पाणी घागरीने वर आणायचं, केळीखालच्या दगडावर बसायचं आणि अंगावर घ्यायचं, म्हणजे ते केळीला जातं. काठावर साबण न्यायचा नाही, चूळ भरायची नाही, चुलीवरची काळी घागर बुडवायची नाही. रहाट उजाडताना सुरू व्हायचा आणि उन्हं चढली की बैल सोडायचे, कारण बावखलालाही दम खाऊ द्यायचा असतो, असं आजोबा म्हणत. आम्ही पोरं या नियमांना वैतागलेली असायचो. उकाड्याने जीव जातोय, समोर हिरवंगार पाणी आहे आणि पायसुद्धा सोडायचे नाहीत. मी काठावर पालथी पडून नाक पाण्याजवळ नेत असे. शेवाळाचा, ओल्या दगडाचा आणि केळीच्या कुजलेल्या सोपटांचा तो वास मला अजून आठवतो. विरारच्या माझ्या फ्लॅटमध्ये नळाखाली बादली भरताना कधीतरी नुसती कुबट हवा येते, तेव्हाही मी उगीचच श्वास रोखून तो वास शोधते.

या बावखलात आता कुणीतरी डुंबलं होतं आणि टॉवेल वाळत टाकायला पक्षी आणला होता.

मला दादाने बोलावलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी लग्न होऊन विरारला गेले, तो वाडीतच राहिला. फुलांनी घर चालेना झालं तशी त्याने मोगऱ्याच्या वाफ्यांवर खोल्या बांधल्या. बाहेरून कौलं आणि शेणाचा रंग, आत एसी आणि गरम पाण्याचे शॉवर. शनिवार-रविवारी मुंबईहून लोक येतात. दादा त्याला इको-स्टे म्हणतो, जबाबदार पर्यटन म्हणतो. हे शब्द तो इतक्या मनापासून उच्चारतो की समोरच्यालाच ओशाळल्यासारखं होतं. फोनवर तो एवढंच म्हणाला होता की बावखलाचं ठरवायचं आहे, काठावर ये.

काठावर ये, या शब्दांना आमच्या घरात वेगळाच अर्थ होता. बावखलाचं काहीही करायचं तर ते आमच्याकडे घरात बसून ठरत नसे. ज्यांचा बावखलात आवाज आहे त्यांनी चपला काढून काठावर उभं राहायचं आणि मोठ्याने हो किंवा नाही म्हणायचं. आवाज कुणाचा, तर सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याचा नव्हे. वैशाखात गाळ काढायला ज्याने आत पाय घातला त्याचा. मग ती माहेरवाशीण असो, सून असो, नाहीतर शेंबडं पोर. एकानेही नाही म्हटलं तर काम थांबायचं. नाही म्हणणाऱ्याला कुणी कारण विचारत नसे. त्याला एवढंच म्हणायचे, ‘मंग तू सांबाळ.’ म्हणजे पुढच्या वैशाखातला गाळ त्याने काढायचा. कुणी हात लावला तर लावला, नाहीतर एकट्याने.

अशी एकट्याची वेळ आमच्या काकांवर आलेली मी पाहिली आहे. कुणीतरी बावखलात भरणी टाकून सपाट जागा करून द्यायला तयार होतं. आजोबा थकले होते, त्यांनी हो म्हटलं. वडिलांनी हो म्हटलं. काका, वडिलांचे धाकटे भाऊ, चार शब्द एका वेळी बोलायचे नाहीत असा माणूस, ते पाण्याकडे बघत नाय म्हणाले. पुढच्या वैशाखात ते एकटेच गाळात उभे होते. काकी केटलीतून चहा नेऊन द्यायची आणि पायरीवर बसून राहायची. माझे वडील ओट्यावर पेपर वाचत होते. एकच पान तासभर. दादा त्यांच्या शेजारी बसला होता, आणि मला गाळात उतरायची बंदी होती. फावड्याचा तो आवाज, चिखलातून उपसताना होणारा ओला, चोखल्यासारखा आवाज, सबंध दिवस घरात येत होता. बावखल मात्र राहिलं.

पुढे रहाट गेला, बैल गेले, आजोबा गेले, वडील गेले. काकाही गेले. आता गाळात पाय घातलेले तिघेच उरलो होतो, दादा, काकी आणि मी.

एरवीचा वैशाख मात्र असा नसायचा. एरवी तो आमचा सण होता, कारण वर्षातून त्या एकाच वेळी आम्हाला बावखलात उतरायला मिळायचं. पाणी तळाला गेलेलं असे. आधी मरळ मासे पकडून कोपऱ्यातल्या डबक्यात सोडायचे. मग पुरुष गुडघाभर गाळात, बायका पायऱ्यांवर ओळीने, आणि घमेली हातोहात वर. काळाकुट्ट, लोण्यासारखा गाळ. त्याला कुजलेल्या पानांचा आणि लोखंडाचा वास, आणि त्याच्या खाली कुठेतरी एक गोडसर वास असायचा, जो फक्त खोलवरच्या घमेल्याला येई. तो गाळ राजेळी केळींच्या बुंध्याशी पडायचा. आजोबा स्वतः तळाशी उभे राहून पायाच्या अंगठ्याने चाचपत असायचे. निळसर चिकणमाती लागली की हात वर करायचे. त्याच्या खाली एक फावडंही मारायचं नाही. ती माती फोडली की खालचं खारं वर येणार, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.

काकी लग्न होऊन आली त्या पहिल्या वैशाखात गाळात सपशेल आडवी झाली होती. हसण्याचा एवढा गलका झाला की तिच्या कानातली एक कुडी कधी पडली ते कुणाला कळलं नाही. त्यानंतर दर वर्षी प्रत्येक घमेलं केळीशी उपडं करताना कुणी ना कुणी बोटांनी चाळून बघायचं. कुडी मिळाली नाही. काकीने पुढे त्या कानात खोटी घातली, खऱ्याच्या जोडीला. मला लहानपणी ते फार आवडायचं, की काकीचा एक कान खरा आणि एक कान खोटा आहे.

काम संपलं की कैरी घातलेलं मरळीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. अंगावर वाळलेला गाळ हसताना तडकायचा. माचांवर राजेळी केळी सोलून सुकत घातलेली असत, त्यांच्यातून मध सुटायचा, माश्यांचा आणि मधमाश्यांचा एकच आवाज व्हायचा. सुकलेली केळी वाळक्या पानात घट्ट गुंडाळून ठेवायचे. ते पुडकं उघडल्यावर जो वास येई तो मला आता सांगता येत नाही. बाजारात मिळणारी सुकेळी मी आणून बघितली आहेत. ती नुसती गोड असतात.

पाहुणे तेव्हाही यायचे, मे महिना म्हटला की घर फुलून जायचं. आणि आमच्या घरात पाहुणा ही मोठी गोष्ट होती. पाहुणा उभा राहिलेला दिसला की वडील चालता रहाट थांबवून, बैल तसेच सोडून पाण्याचा तांब्या घेऊन यायचे. पाहुणा खोळंबता कामा नये. जेवणाला उशीर झाला तर आजोबांचा चेहरा कुणी मेल्यासारखा व्हायचा. पण त्या पाहुण्याला पहिल्या दिवशी तांब्या मिळायचा तसं दुसऱ्या दिवशी घमेलं मिळायचं. आत्याचे यजमान मुंबईत कचेरीत होते, इस्त्रीशिवाय बाहेर पडत नसत. त्यांना मी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, मांडीपर्यंत चिखलात, आजोबांची बोलणी खाताना पाहिलं आहे. दर वर्षी यायचे.

दादाच्या पाहुण्यांच्या हातात घमेलं नव्हतं. त्यांच्या हातात धातूच्या बाटल्या होत्या. त्या सकाळी अंगणात तीन मोठ्या गाड्या उभ्या होत्या, आणि गाडीत आलेल्या एका बाईने मला, मी कोण हे न विचारताच, प्लॅस्टिकची पिशवी वापरल्याबद्दल हळुवारपणे समजावलं. पिशवीत मी काकीसाठी औषधं आणली होती. ती बाई दात घासायला बांबूचा ब्रश वापरते, सरबत प्यायला स्टीलची नळी वापरते, आणि दादाच म्हणाला, दिवसातून तीनदा शॉवर घेते, कारण इथली हवा दमट आहे. काठावरच्या गवतात मला तोंड पुसायचे ओले कागद सापडले, सुगंधी. त्यांच्या पाकिटावर हिरवं पान छापलेलं होतं.

समुद्रावर दारू पिऊन बाटल्या फोडणाऱ्यांचा मला राग येतो, पण त्यांच्याशी निदान भांडता येतं. हे लोक आधीच आपल्या बाजूने बोलायला लागतात. आपण तोंड उघडायच्या आत त्यांनी निसर्गाविषयी आपल्यापेक्षा जास्त हळहळून घेतलेलं असतं. मग आपण काय बोलायचं. मला असल्या माणसांपुढे नुसतं ओरडावंसं वाटतं आणि ओरडायला कारणही धड सापडत नाही.

कारण काकीच्या स्वयंपाकघरात सापडलं. काकी मागच्या दोन खोल्यांत राहते, तिचं दोन्ही वेळचं जेवण दादाच्या घरून येतं. पण सकाळची डाळ ती स्वतः शिजवते, बावखलाच्या पाण्यात, त्याशिवाय तिला डाळ लागत नाही. मी गेले तेव्हा चुलीवर पातेलं होतं आणि ती पळीने डाळ दाबून बघत होती. टणक दाणे, तळाशी पडलेले. मी विचारलं केव्हापासून ठेवलीय. ती म्हणाली, सकाळपासून. मग पळी खाली ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, “दिवाळीपासून शिजं ना, बाय. पानी फिरलं.”

मी वाटीत पाणी घेऊन प्यायले. खारट नव्हतं. पण जिभेच्या कडेला काहीतरी लागत होतं, मचूळ, घोट गिळल्यावर मागे राहणारं. सहा खोल्यांचे शॉवर, गरम पाण्याची टाकी, लॉन, सगळं त्या एका बावखलावर चाललं होतं. वरचं गोडं उपसलं की खालचं खारं चढणार, यात न कळण्यासारखं काय होतं. दादाला काय हे ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याहून जास्तच वैशाख पाहिले होते.

दुपारी आम्ही तिघं काठावर उभे राहिलो. चपला काढल्या. काकीला आधार म्हणून मी तिचा दंड धरला होता. पलीकडे खोल्यांच्या ओट्यावर पाहुणे काहीतरी थंड पीत बसले होते आणि आमच्याकडे कौतुकाने बघत होते. दादाने त्यांना आधीच सांगितलं असणार की ही आमची जुनी पद्धत आहे.

त्याने सगळं समजावून सांगितलं. काठाला दगडी फरशी, पायऱ्यांना कठडा, पाण्यात उतरायला लाकडी फळी. नैसर्गिक जलतरण. केमिकल नाही, क्लोरीन नाही, लोक यासाठी वेडे होतात म्हणे. शिवाय दुसरा पंप. मी त्याला गाळाचं विचारलं, वैशाखाचं विचारलं, कारण दोन वर्षं गाळ निघालेला नव्हता. तर त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, तेही करू, पाहुण्यांनाच उतरवू, चिखलाचा अनुभव, अंगाला लावायला, त्वचेला चांगला असतो. आणि मुलांसाठी काकीच्या कुडीचा शोध. जो शोधेल त्याला बक्षीस. काकीचा हात कानाकडे गेला.

मला तेव्हा त्याचा जसा राग आला तसा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मी जे जे पुढे करत होते ते तो उचलून त्यावर पाटी लावत होता. पाणी खारं होण्याची भीती दाखवली असती तर तिची जागरूकता सहल झाली असती. मी रडले असते तर तेही त्याने कार्यक्रमात घातलं असतं.

मी त्याला डाळीचं सांगितलं. त्यावर तो पहिल्यांदाच चिडला. खालच्या आवाजात, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये असा. उमेळ्याला जाऊन बघ म्हणाला, एक चिकूचं झाड दाखव. इमारती, इमारती आणि इमारती. नायगावला खाडीच्या कडेला टॉवर उभे राहिलेत आणि खाडीचा देखावा म्हणून विकले जातायत. आपली वाडी अजून वाडी आहे ती या लोकांमुळे. “मी इकली नाय ना? इकली असती तर तुझं बावखल कुठं असतं?” तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला.

मग त्याने विचारलं, हो की नाही. स्वतः हो म्हणाला, मोठ्याने. काकीकडे वळला. काकी पाण्याकडे बघत होती, जिथून काका गाळ काढायला सुरुवात करायचे त्या कोपऱ्याकडे. तिचे ओठ हलले.

“मी काय सांगनार, बाबा. तुजं खाते मी.”

ते हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. त्या काठावर असं कुणी कधी बोललं नसेल. दादाने मान खाली घातली. आणि काकीचा दंड माझ्या हातात इतका हलका लागला, की मला वाटलं ही बाई आता कधीच नाही म्हणू शकणार नाही, तिच्याकडचं नाही काकांबरोबर गेलं.

“नाही,” मी म्हटलं. पलीकडच्या ओट्यावर ऐकू जाईल असं.

दादा माझ्याकडे बघत राहिला. माझे गुडघे, माझा चष्मा, विरारहून रिक्षा बदलत आलेली मी. त्याला वाटलं असणार, ही काय करणार. त्याने जुने शब्द जसेच्या तसे उच्चारले, वडिलांच्या आवाजात.

“मंग तू सांबाळ.”

वैशाख यायला काही वेळ लागला नाही. मी शनिवारी संध्याकाळी येऊन काकीकडे राहिले आणि रविवारी उजाडताना बावखलावर गेले. अंगात नवऱ्याची जुनी पँट आणि सदरा. काकांचं फावडं काकीने मोरीमागून काढून दिलं, दांड्याला तेल लावलेलं. दुसरा पंप आला नव्हता, पण पहिला चालूच होता, आणि पाणी पूर्वी या दिवसांत असायचं त्याच्याही खाली गेलं होतं. फ्लेमिंगो हवा गेलेला, वाळलेल्या चिखलावर चेपून पडला होता. मी त्याला आधी काढून बाहेर फेकला. त्या सबंध दिवसात मला झालेला निर्भेळ आनंद तेवढाच.

पाय आत घातला आणि गाळ घोट्यावरून वर चढला. थंड. वर्षानुवर्षं मी हा स्पर्श मनात जपून ठेवला होता, पण तो असा नव्हता. यात फुटलेल्या काचेचा तुकडा होता, केसांच्या पिना होत्या, एक निळी चप्पल होती. ओल्या कागदांचे गोळे फावड्याला चिकटून यायचे, ते कुजलेलेही नव्हते. मी एक एक वेचून वेगळे ठेवत होते आणि तोंडाने शिव्या देत होते. काकी पायरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिकडं नको, आता हळू, निळी माती लागंल, असं सांगत होती. घमेलं भरायचं, पायऱ्या चढायच्या, केळीशी उपडं करायचं, परत यायचं. थोड्याच वेळात माझी कंबर धरली. पण एका घमेल्याला, खोलवरच्या, तो गोडसर वास आला. मी नाक खुपसून उभी राहिले. तेवढा वास तरी खोटा झालेला नव्हता.

नाश्त्याच्या सुमारास पाहुणे आले. काठावर ओळीने उभे, हातात फोन. गवताच्या टोपीतली एक बाई फार आदराने म्हणाली, “मावशी, किती छान. आम्ही जॉइन करू शकतो का? जस्ट पाच मिनिटं.”

“उतरा,” मी म्हटलं. “पण संपेपर्यंत.”

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग माझं तोंड बघून तिने खोली सोडायच्या वेळेचं काहीतरी पुटपुटलं आणि दोन पावलं मागे सरकली. फोटो मात्र काढला. माझा तो फोटो आता कुठेतरी असेल, खाली माझ्याविषयी काहीतरी प्रेमळ लिहिलेलं असेल. लिहू देत.

तेवढ्यात दादा आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात चामडी चपला. तो पाहुण्यांशी बोलत होता, माझ्याशी नाही. त्याने त्यांना वैशाखाची पद्धत सांगितली, मग हसत कुडीची गोष्ट सुरू केली. नवी नवरी, पाय घसरला, सगळे हसले, आणि आजतागायत ती कुडी या चिखलात आहे. दोन मुलं ओरडून काठावर उकिडवी बसली आणि काडीने चिखल उकरायला लागली. लोकांनी खुर्चीतल्या काकीकडे पाहिलं. एकाने फोन तिच्या कानाकडे वळवला.

काकी उठली. साडीचा काचा मारायला लागली. हाताला घाई नव्हती. मग खुर्चीचा हात सोडून ती एक पायरी उतरली, मग दुसरी. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. मी फावडं टाकून तिच्याकडे वळले, पण माझे पाय गाळातून निघेनात.

दादाने गोष्ट अर्धी सोडली. “काकी, पडशील.”

“पडीन,” काकी म्हणाली. “पोरगी एकली हाय. हाय कोन दुसरं?”

तिने शेवटच्या पायरीवरून पाय खाली सोडला आणि तो गाळात गेला. तिच्या पांढऱ्या पोटरीवर काळी रेघ चढली. कोणी हसलं नाही. तिने वाकून ओंजळभर गाळ उचलला आणि माझ्या घमेल्यात टाकला. तिच्या ओंजळीत मावला तेवढाच.

दादा काठावर उभा होता. मला त्याच्या जागी वडील दिसत होते, ओट्यावर बसलेले, हातात पेपर. त्याला काय दिसत होतं मला ठाऊक नाही. तो खाली वाकला, चपला काढल्या, त्या नीट बाजूला ठेवल्या, नेहमीच्या सवयीने. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या नाहीत. तसाच पायऱ्या उतरून आला, काकीला दोन्ही हातांनी धरून पायरीवर बसवलं आणि गाळात उतरला. मांडीपर्यंत गेला. पँटची इस्त्री गेली.

काठावरून कुणीतरी हाक मारली, की आमची गाडी अडकलीय, समोर उभी आहे ती गाडी तुमचीच आहे, आम्हाला निघायचंय. तो वळला नाही. हाक परत आली, जरा चढ्या आवाजात.

“तुझे पाहुणे खोळंबलेत,” मी म्हटलं.

“खोळंबू दे,” दादा म्हणाला.

माझा राग गेला नव्हता. मी घमेलं काठोकाठ भरलं, मुद्दाम आणखी एक फावडं टाकून जड केलं, आणि त्याच्या हातात दिलं.